भिंतीवर तीन कॅलेंडरं

ट्रेलर आतून सडतोय हे नीलांबरी बोकारेला तीन वर्षं माहीत होतं. तिने ते कोणाला सांगितलं नाही.

पहिल्यांदा डाग दिसला तेव्हा ती ट्रेलरमधल्या शेगडीवर पोहे परतत होती. दाराशेजारच्या भिंतीवर, शेगडीच्या जरा वर, चहा सांडल्यासारखा एक पिवळट डाग. तिने बोट लावून पाहिलं, तर बोट भिजलेल्या खारी बिस्किटात जावं तसं आत गेलं. बोट तिने नॅपकिनला पुसलं, पोह्यांवर झाकण ठेवलं आणि बाहेर ताटल्या पाठवल्या. पुढच्या खेपेला येताना महाराष्ट्र मंडळाने संक्रांतीला वाटलेलं कॅलेंडर घेऊन आली आणि चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून त्या डागावर डकवून टाकलं. वर गणपती, खाली तिथ्या. नवऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, छान केलंस, एकादशी कळेल. त्याने आयुष्यात एकही एकादशी केली नव्हती.

वर्षभरात डाग कॅलेंडरच्या खालून डोकावू लागला. पुढच्या एप्रिलात तिने नवं कॅलेंडर जुन्यावरच, चार बोटं खाली लावलं. तिसऱ्या वर्षी तिसरं. अमेरिकेतल्या त्यांच्या मॉरिसव्हिल गावात सगळे म्हणत, नीलांबरीकाकू म्हणजे गरीब गाय, कोणाच्या अध्यात ना मध्यात. माणसं थोडी जवळ जाऊन बघत नाहीत, त्यामुळे असं काहीबाही म्हणत राहतात.

शैलेंद्र बोकारे नागपूरचा, नीलांबरी वर्ध्याची. कामाच्या व्हिसावर तो इथे आला, एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात पंचवीस वर्षं राहिला, आणि या जानेवारीत निवृत्त झाला. ट्रेलर त्याने सोळा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या अमेरिकन जोडप्याकडून घेतला होता. गाडीच्या मागे जोडून न्यायचं चोवीस फुटी घर: दोन पलंग, बाकडं, चिमुकली मोरी, दोन बर्नरची शेगडी. बरोबरीच्या लोकांनी मोठ्या गाड्या घेतल्या, तळघरात थिएटरं केली. शैलेंद्रने ट्रेलर घेतला आणि एका दिवसात तो सगळ्यांपेक्षा वेगळा माणूस झाला. मंडळात त्याला ट्रेलरवाले काका म्हणू लागले. ते ऐकलं की त्याची छाती अजून दोन इंच फुगायची.

एप्रिल ते ऑक्टोबर, एकाआड एक शनिवार-रविवार, तळ्याकाठी. कॅम्पिंग म्हणजे काय हे शैलेंद्रने ठरवलेलं होतं. बाहेरचं छत ओढायचं, खुर्च्या गोल मांडायच्या, लाकडं पेटवायची आणि बोलायचं. अमेरिकन माणूस निसर्गाच्या किती जवळ राहतो यावर तो तासभर बोलू शके. नीलांबरी निसर्गाच्या जवळ नसे. ती शेगडीच्या जवळ असे. आत दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नसत, म्हणून आत एकच माणूस असे. शनिवारी सकाळी पोहे, दुपारी मसालेभात, चारला बटाटेवडे, रात्री पिठलं. चार कुटुंबं आली की चौदा माणसं होत. खिडकीतून रिकाम्या ताटल्या आत येत आणि भरून बाहेर जात. “वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे यार,” असं केदार बाहेरून ओरडे. केदार शैलेंद्रचा ऑफिसातला जुना मित्र. सोळा वर्षांत तो त्या दारातून एकदाही आत आला नाही.

एकदा नीलांबरी म्हणाली होती, “या वेळी मी घरी राहू का?”

“मग लोक खाणार काय?” शैलेंद्र म्हणाला. सगळे हसले. तीही हसली. तेवढंच तिचं बंड.

घर म्हणजे त्यांचं टाउनहाउस. एका रांगेत चिकटून उभ्या असलेल्या बारा घरांतलं सातवं. बाहेरून ते कोणतं हे ओळखायला नंबर वाचावा लागे. पण आत नीलांबरीचं स्वयंपाकघर होतं: चार बर्नर, मोरीसमोर खिडकी, खिडकीबाहेर लाकडी डेक, आणि डेकवर तिच्या खांद्याला लागेल एवढा कढीपत्ता. तो ती दर नोव्हेंबरला ओढत आत आणी आणि दर एप्रिलला बाहेर नेई. सकाळी ती एका माँटेसरीत पोरांची नाकं पुसायला जाई, दुपारी येऊन त्या खिडकीपाशी उभ्याने चहा पिई. तिथे तिला कोणी सरक म्हणत नसे. पन्नाशी उलटलेल्या बाईला एवढंच हवं असतं असं नाही, पण नीलांबरीला तेवढंच मिळालं होतं आणि ते तिने घट्ट धरून ठेवलं होतं.

तिचा हिशेब साधा होता. ट्रेलर सडेल, मोडीत जाईल, शैलेंद्र आठ दिवस हळहळेल आणि मग माणसासारखा घरी बसेल. इथेच ती चुकली. सत्तावीस वर्षं संसार करूनही तिला नवरा कळला नव्हता.

मार्चमध्ये थंडी सरल्यावर शैलेंद्रने स्टोरेजमधून ट्रेलर काढला आणि दाराशी पाय टाकताच फरशी वीतभर खाली दबली. तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. नीलांबरीने त्याला पाणी दिलं. आतून तिला जे वाटलं त्याला आनंद हाच शब्द होता, आणि तिने तो स्वतःपासून लपवलाही नाही.

दोन आठवड्यांनी केदारकडे पाडव्याचं जेवण होतं. श्रीखंडाच्या वाट्या फिरत होत्या. शैलेंद्र उभा राहिला आणि म्हणाला, “मंडळी, एक अनाउन्समेंट. जुना ट्रेलर आता म्हातारा झाला. आम्ही नवा घेतोय. छत्तीस फुटी. आणि घर विकतोय. मी आणि नीला आता फुल-टाइम. वर्षाचे बारा महिने रस्त्यावर.”

टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी मारली. बायका नीलांबरीकडे वळून म्हणाल्या, “अगं, काय लकी आहेस तू.” तिच्या हातात पुऱ्यांची परात होती. ही बातमी तिलाही त्याच क्षणी, त्याच खोलीत, सगळ्यांबरोबर कळली होती. तिने परात पुढे केली आणि विचारलं, “कोणाला अजून एक?”

त्या रात्रीपासून गरीब गाय ट्रेलरची वकील झाली. तिने तीन वर्षं ज्याचा जीव घेतला तो आता तिला काहीही करून जिवंत हवा होता. जुना ट्रेलर राहिला तर शनिवार-रविवार जातील. नवा आला तर घर जाईल, आणि घर गेलं की मग ती कुठल्या खिडकीपाशी उभी राहणार होती?

“अहो, दुरुस्त करून घेऊ ना,” ती म्हणे. “केया त्यात लहानाची मोठी झाली.”

“केयाच म्हणाली, बाबा, गो फॉर इट.” केया त्यांची एकुलती एक मुलगी. शिकागोजवळ शॉमबर्गला असते, लोकांचे मोडलेले गुडघे चालते करते.

“आपल्याला दोघांना कशाला एवढा मोठा?”

“तुझ्यासाठीच घेतोय. किचन बघ आधी, मग बोल.”

किचन बघायला त्याने तिला विक्रेत्याकडे नेलं. नव्या ट्रेलरमध्ये प्लॅस्टिकचा वास होता, तीन बर्नर होते आणि मोरीवर वीतभर खिडकी होती. शैलेंद्रने खिशातून मोजायची टेप काढली आणि तिच्या ओट्याची उंची मोजली. “बघ, वाकावं लागणार नाही,” तो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की तो चांगला नवरा आहे. हे त्याच्याबद्दलचं सगळ्यात वाईट सत्य होतं, कारण दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं. शनिवारी पैसे भरून टाकू, तोवर वेनकडून जुन्याचं काय ते बघून घेऊ, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. नीलांबरीची सगळी आशा आता वेनवर होती.

वेन हा ट्रेलर दुरुस्त करणारा. साठीचा, जाडजूड, बोलायला कमी. गावाबाहेर त्याचं पत्र्याचं शेड होतं. शुक्रवारी सकाळी दोघं गेले तेव्हा तो शिडीवर चढून दाराच्या वरची पट्टी तपासत होता. तो खाली उतरला आणि म्हणाला, इथे पंधरा भोकं आहेत, ही कोणी पाडली?

ती भोकं शैलेंद्रची होती. दर दसऱ्याला तो ट्रेलरची पूजा करी. चाकाला नारळ, नाकावर कुंकू, आणि दारावर तोरण. तोरण न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या भारतीय बाजारातून आणलेलं, प्लॅस्टिकच्या झेंडूचं, वर्षानुवर्षं टिकणारं. ते बांधायला तो दर वर्षी पत्र्यात नवा स्क्रू पिळी, कारण मागच्या वर्षीचा गंजलेला असे, आणि गंजलेल्या खिळ्यावर देवाचं काही बांधू नये असं त्याच्या वडिलांनी सांगितलेलं होतं. गंजका स्क्रू काढून टाकायचा, शेजारी नवा बसवायचा. जुनं भोक तसंच उघडं राही. प्रत्येक भोकातून पावसाचं पाणी भिंतीत गेलं. शैलेंद्रने सोळा वर्षं आपल्या लाडक्या ट्रेलरची मनोभावे पूजा केली आणि त्या पूजेनेच तो कुजवला.

“आय डिडन्ट नो,” तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की नीलांबरीला क्षणभर त्याची कीव आली. तेवढ्यात वेन आत गेला, भिंत ठोकत ठोकत शेगडीपाशी आला आणि त्याने कॅलेंडर धरून ओढलं.

कॅलेंडरबरोबर भिंतीचा तुकडा निघाला. काळा, ओला, बुरशीचा वास मारणारा. खाली दुसरं कॅलेंडर होतं, ते काढलं तर त्याखाली तिसरं. वेनने तिन्ही नीट सुटी करून बाकड्यावर मांडली, आणि वर छापलेली सालं बोटाने दाखवत म्हणाला, ज्याने ही लावली त्याला तीन वर्षं माहीत होतं. तेव्हाच आणला असतात तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. आता हा उभा आहे हेच नवल, मी याला हात लावणार नाही.

शैलेंद्र कॅलेंडरांकडे बघत राहिला. नीलांबरीला खोटं बोलता आलं असतं. शोभेला लावलं होतं, डाग दिसलाच नाही, असं काहीही. ती गप्प राहिली, आणि त्या गप्पपणातूनच त्याला सगळं कळलं.

गाडीत बसल्यावर त्याने किल्ली फिरवली नाही.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“तीन वर्षं मी त्यात झोपत होतो. लोक येत होते. आणि तू मला एक शब्द बोलली नाहीस?”

मग नीलांबरी बोलली. अकरा वर्षं जे घशात अडकलेलं होतं ते तिने इतक्या सपाट आवाजात सांगितलं की जणू किराणा सांगत होती.

“माझी आई गेली तेव्हा आपण तळ्यावर होतो. तुम्ही सगळ्यांचे फोन डब्यात घालून ठेवायचात. कॅम्पिंगला फोन नको म्हणून. तुमचा एकट्याचा चालू असायचा. माझ्या कृष्णादादाचा फोन तुम्हाला शनिवारी सकाळी सातला आला. मला तुम्ही रविवारी संध्याकाळी सांगितलंत. घरी येऊन, कूलर उतरवताना. म्हणालात, आधी सांगून तू इथून काय करणार होतीस, चौदा माणसं आली होती, त्यांचा वीकेंड कशाला खराब करायचा. त्या शनिवारी मी साठ वडे तळले. आई तिकडे जळत होती आणि मी इकडे विचारत होते, कोणाला चटणी हवी का.”

एवढं बोलून तिला वाटलं, आता छत कोसळेल. तो रडेल, ओरडेल, नाहीतर निदान तोंड फिरवेल. शैलेंद्र कपाळाला आठ्या घालून आठवत होता. खरोखर, मनापासून आठवत होता.

“कुठली ट्रिप?” तो म्हणाला. मग त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. “हां, ती. अनिशने पहिल्यांदा मासा पकडला होता, केदारच्या पोराने. हवा मस्त होती तेव्हा.”

नीलांबरीने त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता, टोमणाही मारत नव्हता. त्याला तेवढंच आठवत होतं. ज्या गोष्टीची शिक्षा ती त्याला तीन वर्षं देत होती ती गोष्ट त्याच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती.

“आणि त्याचा ट्रेलरशी काय संबंध?” शैलेंद्र म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

शनिवारी त्याने पैसे भरले नाहीत, आधी घराचे कागद होऊ दे म्हणाला. गुरुवारी रुचा आली. रुचा घरं विकून देण्याचं काम करते, मंडळातलीच, तिशीची, चुणचुणीत. तिने टेबलावर कागद मांडले आणि जिथे सही करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या. शैलेंद्रने भराभर सह्या केल्या आणि पेन नीलांबरीपुढे सरकवलं.

“काकू, इथे आणि इथे. दोघांची लागते.”

“मी सही करणार नाही.”

रुचाला वाटलं काकूंना चष्मा हवाय. तिने कागद जवळ केला. “काकू, फक्त लिस्टिंगचं आहे. नंतर कॅन्सल करता येतं.”

“नाही. हे घर विकायचं नाही. त्यांना जायचं असेल तर त्यांनी जावं. मी इथे राहणार.”

रुचाने कागद हळूच मागे ओढले. शैलेंद्र जाईल, असं नीलांबरीला वाटलं होतं. रागाने ट्रेलर घेईल, महिना-दोन महिने फिरेल, आणि ती खिडकीपाशी एकटी उभी राहून चहा पिईल. तिने ते चित्र मनात रंगवून ठेवलं होतं, पडद्यांसकट. शैलेंद्र उठला, त्याने फोन लावला आणि नवा ट्रेलर कॅन्सल केला. मग हॉलमध्ये जाऊन सोफ्यावर बसला.

तो तिथेच बसून राहिला. मे गेला, जून गेला. जुना ट्रेलर मोडीत गेला, ते बघायला तो एकटाच गेला आणि येऊन पुन्हा सोफ्यावर बसला. आणि तो तिच्याशी बोलेनासा झाला. जो माणूस चोवीस तास बडबडायचा, ज्याच्या आवाजाला कंटाळून तिने चाकांवरचं एक अख्खं घर कुजू दिलं, तो आता तिच्याशी एक अक्षर बोलत नव्हता. जेवायला बसे, जेवे, ताट मोरीत ठेवे. फोनवर केदारशी बोले, केयाशी बोले, हसेसुद्धा. ती खोलीत आली की आवाज खाली जाई आणि बंद होई. गप्प राहणं तिची विद्या होती. त्याने ती एका दिवसात आत्मसात केली आणि तिच्याहून चांगली केली.

नीलांबरीने केयाला फोन केला, आपली बाजू सांगायला. केयाने सगळं ऐकून घेतलं. आजीच्या मरणाचंही ऐकलं.

“दॅट्स ऑफुल, मॉम. आय मीन इट. पण तू त्याला तेव्हाच का नाही बोललीस? यू वेटेड इलेव्हन इयर्स?” मग म्हणाली, “दॅट ट्रेलर वॉज माय होल चाइल्डहुड. तू ते रॉट होऊ दिलंस आणि ऑल दॅट टाइम वी वर स्लीपिंग इन इट. आय जस्ट कान्ट टॉक राइट नाउ.”

नंतर केयाचे फोन बाबांच्या फोनवर येऊ लागले.

मंडळात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. वहिनींनी ट्रेलर मारला, असं केदार हसत हसत सांगे, आणि लोक हसत. आईची गोष्ट कोणी सांगत नसे, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. गणपतीला ती मोदकांचं ताट घेऊन गेली तेव्हा बायकांनी ताट घेतलं, छान झालेत म्हणाल्या, आणि आपापल्या घोळक्यात वळल्या. वडे तळणारी बाई सगळ्यांना हवी होती. ती बाई आता नव्हती, आणि तिच्या जागी जी आली होती तिच्याशी काय बोलायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं.

घर तिचं राहिलं. चार बर्नर, खिडकी, डेक, कढीपत्ता. पण खिडकीपाशी उभी राहिली की पाठीमागे सोफ्यावर तो आहे हे तिला पाठीतून कळे, आणि चहा निवून जाई. ती बोलू लागली. आयुष्यभर न बोललेली बाई मिठाबद्दल बोले, शेजारणीच्या कुत्र्याबद्दल बोले, माँटेसरीतल्या पोरांच्या गमती सांगे. प्रश्न विचारे, उत्तर आलं नाही की स्वतःच देऊन टाके. कधीकधी आपला आवाज ऐकून तिला शरम वाटे, आणि तरी ती थांबत नसे.

ऑक्टोबरात एका दुपारी ती त्याला पोळी वाढत होती. तो ताटाशेजारी आयपॅड ठेवून काहीतरी वाचत होता. खूप दिवस मनात घोळणारं एक वाक्य तिने शेवटी तोंडाबाहेर काढलं. ते काढायला तिला किती जड गेलं हे तिचं तिलाच माहीत.

“तो नवा ट्रेलर अजून तिथे आहे का हो?” ती म्हणाली. “म्हणजे असेल तर बघू. घराचं काय, करते मी सही.”

शैलेंद्रने मान वर केली. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पोट भरल्यावर येतं तसं समाधान होतं.

“मेमध्येच विकला गेला,” तो म्हणाला.

तो पुन्हा वाचू लागला. तिने त्याच्या ताटात गरम पोळी वाढली, वर तूप घातलं आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिली. ती पोळी त्याने खाल्ली नाही.